अंबरीशदादाने आणलेला आवाज

घरच्या माणसाला काम सांगितलं की ते सोपं जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या आतेभावाला, अंबरीशदादाला, काम सांगून पाहावं. मी सांगून पाहिलं. मुलांसाठीच्या फिरत्या नृत्यनाट्याला आवाज द्यायचं काम मी त्याच्या गळ्यात घातलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा ताप उतरलेला नाही.

मी पेणला मुलांना नाच शिकवते. क्लास एका गणपती कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली मूर्तींवर रंग मारायचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वरची लादी थरथरते आणि लहान मुलं माझा ताल सोडून त्याच तालावर नाचायला लागतात. तिथे आम्ही 'चिंबोरीचं घर' बसवलं. गोष्ट साधी. एक चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, घर शोधत हिंडते, कुठेच जागा मिळत नाही म्हणून खाडीच्या बांधातच बीळ पाडते, त्या बिळातून भरतीचं पाणी शिरतं आणि बांध फुटतो. मग मासे, बगळे, गवत सगळे मिळून तिला दुसरीकडे घर करून देतात. थंडीच्या दिवसांत शाळांची स्नेहसंमेलनं असतात, तेव्हा हे घेऊन नागोठणे, कोलाड, रोहा, माणगाव असं फिरायचं ठरलं होतं.

चिंबोरी झाली होती भाविका. धरमतरच्या खाडीकाठच्या एका गावातली मुलगी. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं आहे. सहावीत शिकते, क्लासला बसने येते, आणि तिच्यासारखं तिरकं चालणं माझ्या दुसऱ्या एकाही मुलीला जमलं नाही. तिला शिकवावं लागलं नाही, ती लहानपणापासून चिंबोऱ्यांच्या मागे धावत आली आहे. पण रोहा, माणगाव म्हणजे रात्रीचा मुक्काम, आणि तिच्या घरात शेवटचा शब्द आजीचा. ह्या गोदूबाई म्हणजे वाळलेल्या बोंबलाएवढ्या, पण बोलल्या की गाव गप्प. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "आधी आमच्या गावान करा तुमचा नाच. मी बगतंव. मगशी सांगतंव पोर धाडायची का नाय." भाविका त्या वेळी दाराआडून ऐकत होती. तिचा चेहरा मी पाहिला होता. त्या मुलीला आयुष्यात एवढी कुठलीच गोष्ट हवी नव्हती.

आता अंबरीशदादा. तो रोह्याचा. धाटावच्या एका कंपनीत त्याने सगळी नोकरी पंप आणि मोटरी सांभाळण्यात घालवली. पंपाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि "ह्याचं बेअरिंग जाणार" म्हणून सांगायचं, आणि ते जायचं. कधीकधी जायचं नाही, पण ते तो सांगत नसे. मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्या पैशांतून माइक आणि रेकॉर्डर घेतला. माइकवर वारा लागू नये म्हणून एक केसाळ टोपी असते. ती घालून तो नदीकाठी बसला की लोकांना वाटतं, काकांनी मांजर पाळलंय. घरात रेकॉर्डिंग चाललेलं असताना फ्रिज बंद करायचा आणि पुन्हा लावायला विसरायचं, हा त्याचा नेम. वहिनीने किती लिटर दूध नासलेलं पाहिलं असेल ते तिलाच ठाऊक.

त्याचा स्वतःचा आवाज मात्र कधी कोणी ऐकलेला नाही. म्हणजे बोलतो, पण समोरच्याच्या शर्टाच्या पहिल्या बटणापर्यंत पोचेल एवढंच. माडीवरून वहिनीला हाक मारायची झाली तर हा जिना उतरून खाली येतो, तिच्यासमोर उभा राहतो आणि मग म्हणतो, "अगं, ऐकतेस का?" अशा माणसाशी भांडण करणं किती अवघड असतं हे मी तुम्हाला सांगते. आपणच ओरडतो आणि आपणच वाईट दिसतो.

मला तयार संगीत चाललं असतं. बाजारात ढीगभर मिळतं. तो म्हणाला, "रोहिणी, मुलांच्या कानात कचरा टाकायचा नाही." मग तो पेणच्या बाजारातून जिवंत चिंबोऱ्या घेऊन गेला आणि स्वयंपाकघरात पितळेच्या परातीत त्यांना चालवलं. वहिनी सोफ्यावर चढून बसली होती. रेकॉर्डिंग झाल्यावर तिने त्यांचं छान कालवण केलं, तर हा जेवेना. "कलाकार आहेत ते," म्हणाला.

चिंबोरीच्या चालण्याचा आवाज सुरेख झाला, खोटं कशाला बोलू. अडलं ते पाण्यापाशी. बांध फुटून पाणी शेतात शिरतं तो आवाज त्याला सापडेना. नळ झाला, बादली झाली, रोह्याच्या कुंडलिका नदीचं पाणी झालं. प्रत्येक वेळी कानाला हेडफोन लावून ऐकायचा आणि मान हलवायचा. "पाणी येतंय असं वाटत नाही. कोणीतरी पाणी भरतंय असं वाटतं." मी म्हटलं, "दादा, पहिली-दुसरीतली मुलं आहेत. ती समजून घेतील." त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पथ्य न पाळणाऱ्या पेशंटकडे पाहतात. शेवटी कुंडलिकेवरच निभावलं आणि आम्ही निघालो.

दौऱ्यात त्याने माझ्या नाकी नऊ आणले. शाळावाल्यांना हवा असतो डीजे. छाती हलली पाहिजे, पत्रे वाजले पाहिजेत, तर पैसे वसूल. आणि हा आवाज इतका हळू ठेवायचा की मागच्या रांगेतली मुलं मान पुढे काढून बसायची. कोलाडला त्याने हॉलमधले सगळे पंखे बंद करायला लावले, पाहुणे घामाने निथळले. नागोठण्याला तर मुख्याध्यापकांचे बूट करकरत होते म्हणून त्याने त्यांच्याजवळ जाऊन, हात जोडून, त्यांना बूट काढायला लावले. मुख्याध्यापकांच्या मोज्याला भोक होतं. ते पहिल्या रांगेत पाय खुर्चीखाली लपवून बसले आणि मी विंगेत कपाळ धरून. मुलं मात्र चिडीचूप होती, हेही सांगायला हवं. त्याचाही मला रागच आला, कारण तेवढ्यावरून तो बरोबर ठरला असता.

भाविकाच्या गावातला प्रयोग ठरवताना मी दादाला बजावलं होतं, "इथे काही नवीन करायचं नाही. त्या पोरीचं सगळं ह्या एका प्रयोगावर आहे. जे आहे ते वाजव." तो मान डोलावून हो म्हणाला. त्याचं हो ऐकू न येण्याइतकं हळू होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

रविवार होता, पौर्णिमा होती, प्रयोग भर दुपारी देवळाच्या मंडपात. मंडपाच्या मागे शेतं, शेतांपलीकडे बांध आणि बांधापलीकडे खाडी. मी पोचले तेव्हा दादा मंडपाच्या मागच्या भिंतीबाहेर वायर ओढत होता. एक स्पीकर त्याने तिकडे बाहेर, भेंडीच्या झाडाच्या जाड खोडाआड ठेवला होता. मी विचारलं, "हा इकडे कशाला?" तर म्हणाला, "पाणी काय स्टेजवरून येतं का? ते खाडीकडूनच यायला हवं." मुलांना नटवायची घाई होती. मी हात जोडले आणि निघून गेले.

प्रयोग रंगला. गाव जमलं होतं. गोदूबाईंना मधोमध प्लास्टिकची खुर्ची दिली होती आणि त्या हनुवटी पुढे काढून बसल्या होत्या. भाविका लाल नांग्या घालून आली आणि तिरकी चालत मंडपभर फिरली, तेव्हा बायका हसल्या. गोदूबाईसुद्धा हसल्या. मी स्वतः पाहिलं. मला वाटलं, जिंकलं.

मग बीळ पाडायचा प्रसंग आला. तिथे संगीत पूर्ण थांबतं, हे पहिल्यापासून होतं. सगळीकडे शांतता. आणि मागून, खाडीकडून, एक बारीक सूं असा आवाज आला, कुकरच्या शिटीआधी येतो तसा. कुंडलिकेचं पाणी असं वाजत नव्हतं. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. पाठोपाठ धप्प, धप्प, चिखलाची ढेपळं पडावीत तसं. आणि मग दाट, सलग, न थांबणारं पाणी.

पुढ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्याचा तंबाखू मळणारा हात थांबला. स्टेजवर भाविका थांबली. नाचात तिथे गिरकी आहे, ती तिने घेतलीच नाही. ती लोकांच्या डोक्यांवरून खाडीकडे बघत होती. दुसऱ्या क्षणी तिने स्टेजवरून उडी टाकली आणि ओरडली, "खांड गेली! खांड गेली रं!"

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. खाडीकाठी ह्या दोन शब्दांपुढे जेवण, लग्न, मयत काही थांबत नाही. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की ते शेत काही वर्षं भात देत नाही. बघता बघता मंडप रिकामा झाला. कोणी फावडं घेतलं, कोणी घमेलं, कोणी भरलेल्या गोणी खांद्यावर टाकल्या. भाविकाचा बाप जनू जेटीवर कामाला आहे, शिफ्ट करून येऊन खांबाला टेकून पेंगत होता, तो सगळ्यांच्या पुढे धावला. सगळ्यात शेवटी गोदूबाई गुडघ्यावर हात दाबून उठल्या आणि त्याही निघाल्या. मंडपात उरले माझे पेणचे मासे, दोन बगळे आणि गवत. आणि आवाज चालूच होता.

मी दादाकडे धावले. तो आवाजाच्या मिक्सरवर बोटं ठेवून बसला होता. मी ओरडले, "बंद कर ते!" तर म्हणाला, "अजून थोडं आहे." मी प्लगच उपटला. तो माझ्याकडे वळला, आणि त्याचा चेहरा लग्नातल्या नवऱ्यामुलासारखा उजळला होता. "रोहिणी," तो म्हणाला, "एकानेही खोटं धरलं नाही, बघ." करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आमच्या पेणला म्हणतात. इथे मारुतीने गाव पेटवलं होतं आणि शेपटीकडे कौतुकाने बघत बसला होता.

बांध जागच्या जागी होता. भरती काठोकाठ होती, पण पाणी पलीकडेच होतं. लोक परत आले ते पायांना चिखल लावून. कोणी हसलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. ती दिली असती तर बरं झालं असतं. ह्या गावात पोरंसुद्धा खेळात खांड गेल्याची हाक घालत नाहीत. एकदा हाक खोटी निघाली की पुढच्या खऱ्या हाकेला लोक अर्धा क्षण थांबतात, आणि तेवढ्यात बांध जातो. म्हणून ज्याच्या घरातून खोटी हाक निघाली, त्या घरच्या माणसाने बांधाच्या पुढच्या कामाला गावादेखत कबुली द्यायची आणि पहिली पाटी चिखल टाकायचा. एका घराला आजही 'खोट्या हाकेवाले' म्हणतात, आणि हाक घालणारा माणूस मरून कधीचा गेलाय.

गोदूबाईंनी भाविकाला नांगीला धरून आणलं. मी सांगू लागले की चूक आमची, आवाज आमचा. त्या म्हणाल्या, "हाक कुनी घातली, बाय? आमच्या पोरीनं ना? बास झाला नाच." भाविका रडली नाही. तिने एकेक नांगी काढली, फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. परत येताना टेम्पोत पेण येईपर्यंत मी दादाला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून बसला होता. पेणच्या फाट्यावर त्याने फक्त एवढंच विचारलं, "बांधाचं काम कधी असतं?"

पुढच्या रविवारी, ओहोटीच्या वेळी, काम होतं. तो रोह्याहून आला, आणि मीही गेले, कारण त्याला एकट्याला सोडायची माझी आता छाती नव्हती. सगळं गाव बांधावर जमलं होतं. भाविका आजीच्या मागे उभी होती. दादा पुढे झाला आणि म्हणाला, "हाक मुलीची नाही. माझी आहे. आवाज मी आणला होता."

कोणालाच ऐकू गेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं बोला की." दादाने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मानेच्या शिरा फुगल्या, पण आवाज काही शर्टाच्या बटणापुढे जाईना. मला लाजही वाटत होती आणि रडूही येत होतं. शेवटी जनू पुढे झाला, दादाच्या तोंडाजवळ कान नेला आणि गावाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्ये म्हणतान हाक त्यांची हाय. आपल्या पोरीची नाय." तेव्हा कुठे ते गावाला पोचलं.

मग दादाने पाटी उचलली. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतला, पाटीसकट बसला, आणि तिघांनी मिळून त्याला उपटून काढला. तेव्हा गाव हसलं. त्याने पुन्हा पाटी भरली आणि बांधावर नेऊन टाकली. एका म्हातारीने तो चिखल हाताने थापून नीट बसवला, आणि बाकीचे कामाला लागले.

चहा बांधावरच झाला. गोदूबाई आमच्याजवळ येऊन टेकल्या. मला म्हणाल्या, "पोर येल तुमच्यासंगती."

मला आधी समजलंच नाही. त्या म्हणाल्या, "तिनं कवा खांड आइकली नाय. शेवटची गेली ती हिच्या जल्माच्या आधी. मी सांगितलेली गोष्ट तेवढी तिच्या कानान हुती, सूं करतं, मंग ढेपला पडतान. तेवढ्यावर उठली नि धावली. सांगितलेलं ध्यानात ठेवतं पोर. आता कुठं बी धाडली तरी मना घोर नाय." आणि मागे न बघता म्हणाल्या, "आइकलंस ना गो? आता ऊठ, पाटी घे." भाविका उठली आणि पाटी घेऊन जवळजवळ नाचतच गेली.

मग त्यांनी दादाकडे मोर्चा वळवला. "तुना ह्यो आवाज कुठना मिळाला?"

दादाला कोणीतरी आवाजाबद्दल विचारलं, एवढं त्याला पुरलं. तो खुलून सांगायला लागला. खाडीच्या पलीकडे एक खार आहे, म्हणजे बांध घालून खाडीतून काढलेली शेतजमीन, तिथली माणसं नोकऱ्यांमागे निघून गेली, शेतं ओस पडली. तिथे तो चिंबोऱ्यांच्या बिळांचा आवाज घ्यायला गेला होता. अमावस्येची भरती होती. एका बिळातून पाणी यायला लागलं, त्याने माइक तिकडे वळवला, आणि त्याच्यासमोर अख्खा बांध गेला. पहिल्या थेंबापासून शेवटपर्यंत सगळं मिळालं, एकही कावळा मध्ये ओरडला नाही.

"हाक घातलीस?" गोदूबाईंनी विचारलं.

"कोणाला घालणार? तिथे कोणीच नव्हतं."

"मंग काय केलंस?"

"ऐकत बसलो."

"बसलास?"

दादाने मान हलवली. सोबत घडीचं स्टूल असतं, त्यावर बसलो होतो, म्हणाला. हे सांगता सांगताच त्याचा आवाज आणखी खाली गेला. गोदूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखाद्याच्या घरी मयत झालंय आणि त्याला अजून कळलेलं नाही, अशा माणसाकडे बघावं तसं. मग चहाचा कप उपडा करून त्या उठल्या आणि कामाला गेल्या. दादाचा चहा तसाच राहिला.

रोह्याचा प्रयोग झाला. हॉल भरला होता, वहिनी पहिल्या रांगेत होती. मी दादाला म्हटलं होतं की तो आवाज काढून टाक, कुंडलिकेचा लाव. त्याने ऐकलं नाही. संगीत थांबलं, मागून सूं आलं, मुलांनी माना वळवून मागे बघितलं. भाविका क्षणभर ताठ झाली, पण तिने गिरकी घेतली. आणि हॉलच्या मधोमध, मिक्सरपाशी, अंबरीशदादा त्याच घडीच्या स्टुलावरून उठून उभा राहिला.

त्याच्यामागच्या मुलांना काही दिसेना. "ओ काका, बसा खाली," कोणीतरी ओरडलं. शिक्षकांनी हातवारे केले, शेंगांचं एक फोलपट त्याच्या पाठीवर येऊन पडलं. मी विंगेतून दोन्ही हातांनी त्याला बस, बस म्हणून खुणावत होते. बोटं मिक्सरवर, मान खाली, आणि उभा. पाणी थांबेपर्यंत उभा होता, मग बसला.

माणगावला तेच. महाडला तेच. मी समजावलं, रागावले, वहिनीला सांगून पाहिलं. टेबल सगळ्यात मागे भिंतीला लाव, म्हणजे कोणाच्या आड येणार नाहीस, असंही सुचवलं. तर म्हणतो, तिथून आवाज नीट कळत नाही. म्हणून प्रत्येक गावात, दर प्रयोगाला, बांध फुटला की हा माणूस उठतो आणि मागचे लोक त्याला शिव्या घालतात. तो बसत नाही.